रेडिएटरचा पाईप आणि शिवदोरा

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. आपला अनुभव सांगताना बायका डोळे पुसत, आवाज मऊ करून बोलतात, तसं मला जमत नाही. माझं माहेर हिमायतनगरकडचं. आमच्या घरी देवाशीसुद्धा मोठ्यानं बोलायची रीत होती. सासर मात्र शिरूर अनंतपाळच्या पुढं, एका लहान गावात, आणि तिथं सगळं हळू आवाजात. मालकांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, भुसाराचा छोटा व्यापार होता. आसपासच्या गावांतली तूर, हरभरा गोळा करायचा आणि लातूरच्या आडतीवर नेऊन घालायचा. त्यासाठी त्यांनी नांदेडहून एक जुनी डिझेलची पिकअप आणली होती. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांना अजून रंगाचा वास येत होता, आणि आमच्याकडची म्हातारी माणसं कोर्टाचं काम निघालं की सवयीनं उस्मानाबादच्या गाडीत जाऊन बसायची, मग स्वतःलाच हसत उतरायची.

जिल्हा आला आणि पाऊस गेला. निदान आमच्या गावात तरी लोक असंच म्हणायचे, अर्धं चेष्टेनं आणि अर्धं खरं मानून. शेतात तूरच नाही तर आडतीवर काय नेणार? मग पिकअपमध्ये पोत्यांच्या जागी पाण्याचे बॅरल चढले. लांबच्या एका विहिरीला तेवढं पाणी उरलं होतं. मालक दिवसभर तिथून पाणी वाहायचे आणि गावात वाटायचे. आणि नेमकी त्याच दिवसांत गाडीला गळतीची खोड लागली. इंजिनाकडून रेडिएटरकडं जाणारा वरचा रबरी पाईप तोंडाशी फाटायचा. गरम पाण्याची चिळकांडी उडायची, बॉनेटमधून वाफ निघायची आणि गाडी जागच्या जागी बसायची. शिरूरच्या मिस्त्रीनं पाईप बदलला. पुन्हा फाटला. त्यानं एकाच्या जागी दोन क्लिपा आवळल्या, तर पाईप क्लिपेच्या अलीकडं फाटला. सायकलची ट्यूब गुंडाळून झाली, साबण लावून झाला. आता बाटलीतून रंगीत कूलंट मिळतं, तेव्हा आम्हाला साधं पाणीच ठाऊक. तेही त्या विहिरीचं, इतकं क्षाराचं की हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसायचा. गावाला पाणी आणणारी गाडी वाटेत स्वतःच अर्धी घागर पिऊन टाकायची, याचा मला मनस्वी संताप यायचा.

शेवटी मिस्त्री म्हणाला, "मालक, रेडिएटरमधी हळद टाका. बारीक भोकं असली तर बुजून जातात." मालकांनी हळद टाकली. पण त्यांचा स्वभाव असा की नुसत्या हळदीवर त्यांचं मन भरेना. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ते चिमूटभर विभूती घेऊन अंगणात जायचे, झाकण उघडायचे आणि 'ॐ नमः शिवाय' म्हणून ती रेडिएटरच्या पाण्यात सोडायचे. मी चुलीपुढून ओरडायची, "हळद झाली, विभूती झाली, आता मुंडावळ्या बांधा अन् लग्नच लावून टाका त्येचं!" ते नुसते हसायचे. माझ्या बोलण्याचा राग त्यांना कधी आला नाही, आणि माझा राग त्यामुळंच आणखी वाढायचा.

आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या छोट्या करडगीत ठेवलेलं. ती करडगी ज्या जाड सुती दोऱ्यात अडकवतात तो शिवदोरा. सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात ठेवायचं. जीव असेपर्यंत ते अंगावरून उतरवायचं नाही, हे आम्हाला लहानपणीच सांगितलेलं असतं. मी ते पाळत होते, पण त्या वर्षी माझ्या पूजेत भक्तीपेक्षा भांडणच जास्त होतं. रोज तळहातावर घेऊन मी त्याला विचारायची, तुला दिसतंय का काही? जनावरांच्या फासळ्या दिसतात का? उत्तर येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी चढ्या आवाजात विचारायची.

त्यातच गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. पाऊस रुसला की आमच्या भागात हे करतात. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायची मोरी चिखलानं आणि चिंध्यांनी बुजवायची आणि पिंड पूर्ण बुडेपर्यंत आत पाणी ओतायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो म्हणतात. पाणी आणायला अर्थात आमचीच पिकअप. माणसं ओंजळीनं पाणी पीत असताना बॅरलच्या बॅरल देवावर ओतलेलं मी पाहिलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. म्हटलं, कळू दे त्यालाही. पाऊस आला नाहीच. पाणी मात्र तसंच साचून राहिलं, वर बेलाची पानं कुजली, आणि ते पाणी तीर्थ म्हणून पोरंसोरं येता-जाता पिऊ लागली.

माझी महानंदा तेव्हा सहा वर्षांची होती. एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. त्या तीर्थानं की बॅरलच्या पाण्यानं, कुणी सांगावं? मी तिला देवळाच्या पायरीवर ओंजळ चाटताना पाहिलं होतं, एवढं मला आठवत होतं. दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. गावातले डॉक्टर म्हणाले, "इथं ठेवू नका. लातूरला न्या, सलाईन लागंल. वेळ लावू नका." मालकांनी बॅरल खाली ढकलले, पाठीमागं पोती अंथरली, पण मी पोरीला घेऊन पुढंच बसले. निघायच्या गडबडीतही ते विभूतीची चिमूट घेऊन आले. झाकण काही उघडेना, घट्ट बसलेलं. मग ती चिमूट त्यांनी झाकणावरच ठेवली. मी नुसते दात खाल्ले.

निम्म्याच्या थोडं पुढं आलो असू. उन्हं उतरली होती, पण रस्ता तापलेलाच होता. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा त्या गाडीत चालतच नव्हता, नाकाला वास आला तेव्हा कळलं. फट्‌ असा आवाज झाला, काचेवर वाफ आली आणि गाडी थांबली. मालकांनी बॉनेट उघडलं. तोच वरचा पाईप तोंडाशी बोटभर फाटला होता, आणि क्लिपेच्या स्क्रूचे आटे आवळून आवळून पूर्ण गेले होते. रेडिएटरसाठी एक डबडं पाणी सोबत असायचं, ते निघायच्या गडबडीत घरीच राहिलं होतं. गावभर पाणी वाटणारी आमची गाडी, आणि त्या वेळी तिच्यात थेंबभर पाणी नव्हतं. महानंदा माझ्या मांडीवर होती. तिनं रडणं बंद केलं होतं. मूल रडायचं थांबलं की आईला काय होतं, ते मी सांगायला नको.

त्याच वेळी आडरस्त्यानं एक बाई येत होती. डोक्यावर एक घागर, काखेत एक. माझ्याहून वयानं मोठी, उन्हानं काळवंडलेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मालकांनी हात जोडून पाणी मागितलं, गाडीसाठी. ती तिथंच उभी राहिली आणि तिनं त्यांना असं झाडलं की तिच्या जागी मी असते तर मीही तेवढंच झाडलं असतं. "गाडीला? मानसाला पाणी न्हाई अन् तुमच्या गाडीला पाजू? दोन कोस पायपीट करून आणून राहिले मी हे. व्हा बाजूला." मग तिची नजर खिडकीतून आत गेली. तिनं काखेतली घागर खाली ठेवली, पुढं आली, पदर ओला करून महानंदाच्या ओठांवर फिरवला आणि एकदम वळून म्हणाली, "मग आधी सांगायचं ना लेकरू हाय म्हणून! खोला ते झाकण."

झाकण उघडतच नव्हतं. मालकांनी कापड धरून पिळलं, पान्यानं ठोकलं, शेवटी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तेव्हा त्याचा एक कान तुटून हातात आला. मी पोरीला सीटवर निजवून पाहायला गेले. झाकणाच्या पोटात जी स्प्रिंग असते ती दिसतच नव्हती. तिच्यावर राखाडी-पिवळा गिलावा बसला होता, सुकलेल्या लिंपणासारखा. हळद, पाण्यातला क्षार आणि विभूती. मी बोटानं खरवडून वास घेतला. मालक माझ्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की दुसरी कुणी असती तर तिला दया आली असती.

माझ्या तोंडून जे निघालं ते त्यांना उद्देशून नव्हतं. मी करडगी मुठीत धरली आणि भर रस्त्यात ओरडले, "तुझ्याच पाण्यानं पोर आजारी पाडलीस, तुझ्याच राखेनं गाडी बंद पाडलीस. अजून काय पाहिजे तुला? तिला काही झालं तर तू माझ्या गळ्यात राहणार न्हाईस. आत्ताच काढून फेकते!"

मालक घाबरून पुढं आले. "अगं, असं करू नको. जीव जाईपर्यंत काढायचं नसतं ते."

"जीव कुणाचा जाऊन राहिलाय, दिसंना का तुम्हाला?" मी म्हटलं आणि शिवदोरा डोक्यावरून ओढून काढला. रस्त्याच्या कडेला कोरडा ओढा होता. माझा हात वर गेला होता, हे मी लपवणार नाही.

"ए बाई," ती घागरवाली म्हणाली. तिच्या आवाजात ना भीती होती ना भक्ती. "फेकतीस कशाला? दोरा चांगला हाय की. त्येनं बांध ते."

माझा हात तसाच राहिला. तिला त्यात देव दिसतच नव्हता. तिला दिसत होता एक मजबूत, पीळदार दोरा, आणि समोर एक फाटका पाईप. मालकांच्या पिशवीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, पण तो आवळायला तार नव्हती, आणि उपरण्याची चिंधी त्यांनी बांधून पाहिली होती, ती निसटत होती. मी करडगी उघडली, लिंग काढून डाव्या हातात घेतलं आणि दोरा मोकळा करून मालकांपुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. हात मागं घेतले. मग मीच बॉनेटवर वाकले. उजव्या हातानं आणि दातांनी ओढत ट्यूबवरून दोऱ्याचे वेढे घातले, एकाला एक लागून, पोत्याचं तोंड शिवताना आवळतात तसे. बोटं भाजली. मालकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शेवटची गाठ मारताना त्यांनी न सांगता वेढ्यावर अंगठा दाबून धरला.

बाईनं काखेतली घागर रेडिएटरमध्ये रिकामी केली. झाकण बसण्यासारखं राहिलंच नव्हतं, तोंडावर ओलं फडकं दाबलं. मग तिनं डोक्यावरची घागरही उतरवली आणि माझ्या पायांशी ठेवली. "वाटंत लागंल. घेऊन जा. घागर तांब्याची हाय, सासूची. परत आणून द्या मंजे झालं." गावाचं नाव सांगून ती रिकामी घागर काखेत मारून आल्या वाटेनं विहिरीकडं परत निघाली. मी तिला थांबवलंही नाही, नमस्कारही केला नाही. गाडी सुरू झाली होती.

लातूरपर्यंत वाफ फडक्यातून निघत राहिली, आम्ही थांबून थांबून घागरीतलं पाणी घालत राहिलो, पण पाईपमधून थेंब गळला नाही. त्याचं कारण मला नंतर कळलं, आणि त्यात चमत्कार काहीच नाही. वाफेचा दाब वाढला की झाकणाची स्प्रिंग उचलली जाते आणि दाब बाहेर पडतो. आमच्या झाकणाची स्प्रिंग लिंपली गेली होती. दाबाला वाट नव्हती, म्हणून सगळा जोर पाईपवर यायचा आणि तो सारखा फाटायचा. झाकण तुटलं आणि जोर संपला. मिस्त्री जन्मभर पाईप बदलत बसला असता तरी गळती थांबली नसती. एवढं सगळं मला समजतं. तरीही त्या झाकणाचा कान नेमका तिथंच का तुटला, हे मी कुणाला विचारत नाही.

वाटभर माझ्या डाव्या हातात लिंग होतं. करडगी कुठं पडली ते पाहायला वेळ नव्हता. फेकायला काढलेला देव मी मुठीत धरून बसले होते आणि उजव्या हातानं पोरीला धरलं होतं. मूठ इतकी घट्ट होती की बोटांची नखं तळहातात रुतली. मी प्रार्थना करत नव्हते, कुणी तसं समजू नये. मी त्याला दम देत होते. सोडणार नाही, म्हणत होते, तिला काही झालं तर तुला सोडणार नाही.

दवाखान्यात दिवे लागत होते. डॉक्टरांनी पोरीकडं पाहिलं आणि बोलण्यात वेळ न घालवता सुई काढली. पण अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की शीरच सापडेना. एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं. महानंदा मध्येच कुठून तरी जोर आणून हात झटकत होती. मालक बाहेर गाडीपाशी होते, सिस्टरबाईंच्या हातात बाटली होती. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही दोन्ही हातांनी दंड धरा. अजिबात हलू देऊ नका."

माझी डावी मूठ उघडेना. उघडायची नव्हती, हे जास्त खरं. तो माझा ओलीस होता. तो हातातून गेला तर भांडायला माझ्याजवळ काय उरणार होतं? डॉक्टर दुसऱ्यांदा ओरडले. तेव्हा मी बोटं एकेक करून सरळ केली आणि लिंग महानंदाच्या छातीवर ठेवलं, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. 'वाचव' म्हटलं नाही. मनात एवढंच आलं की तू इथं बस, मला काम आहे. मग दोन्ही हातांनी तिचा दंड धरला. पुढच्या वेळी सुई शिरेत गेली.

सकाळी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. उशाशी सरकलेलं लिंग तिच्या हाताला लागलं होतं. ते उचलून म्हणाली, "आई, तुजा देव माज्याकडं आलाय." मी इतकी रडले की सिस्टरबाई धावत आल्या. मालक दारात उभे होते. ते रात्रभर आत आले नव्हते. त्यांच्या मनात एकच होतं, आपल्या विभूतीनं पोर जात होती. मी त्यांना हात धरून आत आणलं आणि लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. 

गाडीला नवीन झाकण बसलं, रेडिएटर उघडून आतला गाळ काढला, पाईप बदलला. पुन्हा तो फाटला नाही. मिस्त्रीनं शिवदोरा कापून फेकायला घेतला तेव्हा मालकांनी तो मागून घेतला, भाजून काळा झालेला, आणि नदीत सोडायला नदीला पाणी येईपर्यंत जपून ठेवला. विभूती ते अजूनही लावतात, पण बॉनेटवर, बाहेरून. घागर परत द्यायला मी स्वतः गेले. बाई घरापुढं गोवऱ्या थापत होती. मी पायाला हात लावायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. "पाया-बिया नका पडू. लेकरू कसं हाय?" बरं आहे म्हटल्यावर तिनं घागर उलटीपालटी करून पाहिली. "हा पोचा तुमीच पाडलाव," म्हणाली, आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

आमच्या मठात हा अनुभव मी एकदा सांगितला तेव्हा कुणी म्हणालं, ती बाई म्हणजे प्रत्यक्ष पार्वतीच. मी वाद घातला नाही. मला तिच्या हाताला लागलेलं शेण आठवत होतं, आणि पार्वतीच्या हाताला शेण लागत नसेल असंही मला वाटत नाही. त्या दोघींचेही माझ्यावर उपकार आहेत, मग त्या दोन असोत की एक. मी आजही तळहातावर घेऊन त्याच्याशी भांडते. भांडण्यासारखं पुष्कळ आहे, पाऊस अजून त्याच्याच मर्जीनं येतो. पण शरण जाणं म्हणून जे म्हणतात, ते मला त्या संध्याकाळी एकदाच जमलं, आणि तेही मनानं नाही, नाइलाजानं. मला दोन्ही हात लागत होते, म्हणून मी त्याला माझ्या लेकीच्या छातीवर ठेवलं. त्या घटकेला मी त्याच्याकडं काही मागितलं नाही आणि त्याला दमही दिला नाही. तेवढ्यात त्यानं ती मला परत दिली.